रिव्हॉल्व्हरची नळी निवडताना या चुका टाळा

लायसन हातात पडलं की माणसाला धीर निघत नाही. मला फोन येतो तो खरेदी उरकल्यावर, "काका, कमरेला टोचतंय हो." तोवर हत्याराचा नंबर लायसनवर चढलेला असतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. पटलं नाही म्हणून परत करायला ती चप्पल नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उभ्यानं घालून बघणं. सोलापूरच्या मार्केट यार्डातल्या एका अडत्यानं सहा इंची नळीचं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर घेतलं. आरशासमोर छान दिसलं. पण त्यांचा निम्मा दिवस गाडीत जायचा. बसलं की नळीचं टोक सीटवर टेकायचं आणि मूठ बरगडीत घुसायची. पुण्याला निघाले की मोहोळ यायच्या आत ते कमरेवरून निघून डॅशबोर्डच्या खणात जायचं. पुढे तीच सवय लागली. एका संध्याकाळी ढाब्यावर ते हात धुवायला उतरले आणि पुतण्यानं चार्जर शोधायला खण उघडला. परत येऊन बघतात तर पोराच्या हातात हत्यार, सहाही घरं भरलेली. अनर्थ टळला तो निव्वळ नशिबानं. यात पोराला मी दोष देत नाही. अंगावर राहणार नाही एवढं लांब हत्यार घेतलं, तिथंच सगळं बिघडलं.

म्हणून मी प्रत्येकाला रिकामं हत्यार होल्स्टरमध्ये घालून आधी खुर्चीत, मग गाडीत बसायला लावतो. वाकून बुटाची नाडी बांधायला लावतो. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

दुसरं टोक म्हणजे "सगळ्यात छोटी द्या." नळी आखूड झाली की नेम धरायची टोकावरची माशी आणि मागची खाच जवळ येतात आणि नेमातली चूक वाढते. दोघांत 12 सेंटिमीटर अंतर असेल, तर माशी एक मिलिमीटर सरकली तरी सात मीटरवर गोळी सुमारे सहा सेंटिमीटर बाजूला जाते. अंतर आणखी कमी झालं की चूक आणखी मोठी. शिवाय भडका आणि आवाज जास्त, वेग कमी. काडतुसं भरायचं चक्र बाजूला उघडतं अशा दोन इंचीत रिकाम्या पुंगळ्या ढकलणारी दांडीही आखूड असते, पुंगळ्या अर्धवट बाहेर येऊन अडकतात. आपल्या कानपूरच्या जुन्या घडणीच्या पॉइंट थ्री टू रिव्हॉल्व्हरला हा त्रास नाही, ते वेब्ली या विलायती रिव्हॉल्व्हरसारखं मधून दुमडून उघडतं. रोज बाळगायला मी तीन इंचच सांगतो. नवशिक्यानं त्याखाली जाऊ नये.

पिस्तुलाच्या नळीशी आकडा ताडून बघू नका. पिस्तुलाच्या मापात काडतुसाचं घर धरतात, रिव्हॉल्व्हरच्या मापात चक्र धरत नाहीत.

सदऱ्याखालून उठून दिसते ती बहुतेक वेळा मूठ, नळी नव्हे. लपवायचं असेल तर आधी मूठ बघा.

वैशाखात सोलापूरचा पारा 42 च्या वर जातो आणि घामानं नळीवर गंज धरतो. रात्री कोरड्या कापडानं पुसून तेलाचा हात फिरवा. चांगलंचुंगलं हत्यार आळसानं खराब झालेलं मला बघवत नाही.

आणि होल्स्टर उसनं नको. 2016 च्या नियमांप्रमाणे चारचौघांत हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात हवं, म्हणून लोक मिळेल ते बांधतात. चार इंचीच्या होल्स्टरमध्ये तीन इंची हलत राहतं. मी त्याच हत्यारावर बेतून चामड्याचं शिवून घेतो आणि चापाचं कडं पूर्ण झाकलं जातंय का, हे पैसे देण्याआधी बोट फिरवून बघतो.