पॉवर स्टिअरिंगचा आवाज: आधी तेल पाहा
साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना, मागाहून पॉवर स्टिअरिंग बसवलेल्या जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरमधून प्रत्येक वळणावर घूंऽऽ असा आवाज येऊ लागला, तरी पंप बदलण्याची घाई करू नये. इंजिन बंद करून पॉवर स्टिअरिंगच्या टाकीतील तेल पाहावे. त्यावर फेस असल्यास पंप हवा ओढत आहे, आणि वेगवेगळ्या गाड्यांचे भाग जोडलेले असताना ही हवा बहुधा टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या सैल क्लॅम्पमधून शिरते. क्लॅम्प घट्ट करून, आत शिरलेली हवा काढण्यासाठी पुढची चाके स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश १५-२० वेळा फिरवावे व कमी होणारे तेल भरत राहावे. किंचाळल्यासारखा आवाज मात्र बहुतेकदा पंप फिरवणाऱ्या पट्ट्याचा असतो. त्यासाठी पट्ट्याचा ताण आणि पुलींची सरळ रेष तपासावी.