कस्टम्सच्या पत्राला उत्तर द्या, माल सुटला असला तरी

न्हावा शेवाला सीएचएकडे (म्हणजे आयातदाराच्या वतीने कस्टम्सचं काम करणाऱ्या ब्रोकरकडे) नवीन लागलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. बिल ऑफ एंट्री (आयातीचा अर्ज), ड्युटी, आउट ऑफ चार्ज (माल सोडायचा आदेश) तुम्हाला येतंच, ते सोडून देतो.

माल सुटला की पार्टी, म्हणजे आपला आयातदार, निवांत होते आणि मागून आलेलं ऑफिसरचं पत्र फाईलला तसंच लागून राहतं. आमच्याकडच्या एका पार्टीचं असंच झालं, व्हॅल्यू बरोबर, ड्युटी भरलेली, मालात काही खोट नाही, तरी कागद मागितले ते दिले नाहीत म्हणून शो कॉज (कारणे दाखवा नोटीस) आली, आणि ब्रोकरलाही आली. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. नीट समजून घ्या, मालाचा गुन्हा वेगळा आणि गप्प बसण्याचा वेगळा. कस्टम्स अ‍ॅक्ट 1962 च्या कलम 117 मध्ये, ज्याला दुसरीकडे वेगळा दंड सांगितलेला नाही असं सगळं येतं, करायला हवं होतं आणि केलं नाही एवढं पुरतं, साथ देणाराही त्यात येतो. दंड आधी 1 लाखापर्यंत होता, 2019 पासून 4 लाखांपर्यंत. ब्रोकरला 2018 च्या ब्रोकर लायसन्सिंग रेग्युलेशनखाली 50,000 पर्यंत वेगळा.

घाबरू नका, ही कमाल मर्यादा आहे. सगळे कागद नसले तरी आहेत ते तारखेच्या आत लेखी द्या, बाकीच्यांना मुदत मागा, पोच ठेवा.

एफटीएच्या (दुसऱ्या देशाशी झालेल्या मुक्त व्यापार कराराखाली ड्युटीत सवलत घेतलेल्या) फाईलीत मात्र ढिलाई नकोच. कॅरोटार 2020 मध्ये (या सवलतीसाठीच्या नियमांत) ओरिजिनची, म्हणजे माल मुळात कुठल्या देशात बनला याची माहिती मागितली की कामाचे 10 दिवस मिळतात आणि सप्लायर तिकडे मलेशियात फोन उचलत नाही, म्हणून माल निघायच्या आधीच माहिती घ्या आणि 5 वर्षं जपा.

‘साहेबांना भेटून मिटवतो’ म्हणणाऱ्या सिनियरच्या नादी अजिबात लागू नका. फेसलेसमध्ये, म्हणजे ऑनलाइन तपासणीत, फाईल चेन्नईला उघडलेली असेल, भेटणार कुणाला?

कलम 108 चं समन्स (चौकशीला हजर राहायचा हुकूम) आलं तर ते साध्या क्वेरीसारखं घेऊ नका. स्वतः जायचं की प्रतिनिधी चालेल हे ऑफिसर ठरवतो, जबाब खराच द्यावा लागतो. खोटा कागद पुढे केलात तर कलम 114एए, दंड मालाच्या किमतीच्या 5 पटींपर्यंत.

आणि ऑर्डर विरोधात गेलीच तर कमिशनर अपील्सकडे अपील करायला 60 दिवस असतात, फक्त दंडाचाच वाद असेल तर त्याचे साडेसात टक्के आधी भरावे लागतात, ते पार्टीला पहिल्याच दिवशी सांगून टाका.