वेस्टर्न कादंबरी स्पर्धेला पाठवताय? या चुका टाळा

पहिली चूक नावातच होते. ‘वेस्टर्न फिक्शन’ म्हणजे पाश्चात्त्य कथासाहित्य नव्हे. लंडनमधल्या कुटुंबाची गोष्ट कितीही सुंदर असली तरी या गटात बसत नाही. इथे वेस्टर्न म्हणजे अमेरिकेचा पश्चिम भाग: ढोबळमानाने मिसिसिपी नदीपलीकडचा मुलूख, आणि वसाहती तिथवर पोचण्याआधीच्या काळातली सरहद्दीवरची वस्ती. वेस्टर्न रायटर्स ऑफ अमेरिका ही १९५३ साली स्थापन झालेली संस्था ‘स्पर’ पुरस्कार देते. ओक्लाहोमा सिटीच्या नॅशनल काउबॉय अँड वेस्टर्न हेरिटेज म्युझियमचा ‘रँग्लर’ आहे. पश्चिमेतल्या स्त्रियांच्या कथांसाठी विमेन रायटिंग द वेस्ट या संस्थेचा ‘विला’ आहे. अमेरिकेत राहून इंग्रजीत लिहिणाऱ्या मराठी लेखकांना ही दारं बंद नाहीत, पण प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत. एकाची नियमावली वाचून दुसऱ्याचा अर्ज भरू नका.

दुसरी चूक गट निवडताना होते. स्परमध्ये कादंबरीसाठी पारंपरिक, ऐतिहासिक आणि समकालीन असे वेगळे गट आहेत. गोष्ट १८७० च्या दशकात घडते म्हणून ती ‘ऐतिहासिक’च, असं धरून चालू नका. एक सोपी कसोटी लावा. पुस्तकातल्या खऱ्या व्यक्ती आणि खऱ्या घटना काढून टाकल्या तर गोष्ट उभी राहते का? राहत असेल तर आधी पारंपरिक गटाचा विचार करा. कोसळत असेल तर ऐतिहासिक. मग त्या वर्षीच्या नियमांतल्या व्याख्येशी ताडून पाहा. चुकीच्या गटात गेलेलं पुस्तक चांगलं असूनही मागे पडतं, कारण परीक्षक त्यात नसलेली गोष्ट शोधत बसतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. अशा स्पर्धांचे परीक्षक बहुतेक वेळा याच मुलखावर लिहिणारे लेखक आणि अभ्यासक असतात. त्यांचा विश्वास एखाद्या झाडावरून किंवा कुंपणावरूनही उडतो.

हात वर केल्यासारखा दिसणारा उंच सग्वारो निवडुंग सोनोरन वाळवंटातला, म्हणजे मुख्यतः ॲरिझोना आणि मेक्सिकोतला. तो टेक्सासच्या कुरणात उभा केला की जाणकार वाचक तिथेच थांबतो. वाऱ्यावर गडगडत जाणारं काटेरी झुडूप तर मूळचं अमेरिकेतलं नाहीच. ते रशियातून जवसाच्या बियाण्यात मिसळून १८७० च्या दशकात डकोटात आलं. १८५० च्या गोष्टीत ते गडगडता कामा नये. (आपल्याकडे गाजरगवत परदेशी धान्याबरोबर आलं असं मानतात. १८५० च्या पुण्यात ते दाखवलं तर आपल्यालाही खटकेल.)

काळाचंही तसंच. काटेरी तारेचं जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याचं पेटंट १८७४ चं, म्हणून १८६८ मध्ये तारा तोडण्यावरून भांडण होणार नाही. पोनी एक्स्प्रेस ही घोडेस्वारांची टपालसेवा एप्रिल १८६० ते ऑक्टोबर १८६१ एवढीच धावली. कॅन्सासमधलं ॲबिलीन हे गुरं विकण्याचं गाव म्हणून १८६७ पासून जेमतेम पाच वर्षं गाजलं. १८८० साली टेक्सासचा कळप तिकडे नेणारा नायक उगाच वाट चुकतो. रेल्वेची प्रमाणवेळ १८ नोव्हेंबर १८८३ ला लागू झाली, त्याआधी गावागणिक घड्याळ वेगळं. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको १९१२ पर्यंत राज्यं नव्हती, टेरिटरी (केंद्रशासित प्रदेश) होती, त्यामुळे तिथला गव्हर्नर निवडून आलेला नसे, राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला असे.

घोडा मोटारीसारखा वापरणं ही नेहमीची गफलत. चालीत तो ताशी सुमारे चार मैल जातो. भरधाव दौड दोन-तीन मैलांतच त्याला दमवते. गुरांचा कळप दिवसाला १० ते १५ मैल सरकतो. याहून वेगाने हाकला तर जनावरं वाळतात आणि बाजारात भाव पडतो. म्हणून सॅन अँटोनियोहून कॅन्सासपर्यंत काही महिने लागतात, आणि तुमच्या कथानकात तेवढे महिने असायला हवेत. बंदुकीचं: १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरला सहा घरं असली तरी जाणती माणसं पाचच गोळ्या भरत आणि रिव्हॉल्व्हरचा घोडा (हातोडी) रिकाम्या घरावर ठेवत. त्या काळची काळी दारू दाट धूर सोडते. बंद खोलीत चार-पाच बार झाले की समोरचं धड दिसत नाही. बिनधुराची दारू तिकडे १८९० च्या दशकात रुळली.

मूळ रहिवाशांना सरसकट एकाच तंबूत बसवणं ही चूक आता क्षम्य राहिलेली नाही. टिपी ही तंबूची झोपडी बायसनच्या कळपांमागे फिरणाऱ्या मैदानी लोकांची, उदाहरणार्थ लाकोटांची. नावाहो लोकांचं घर होगन, तर प्वेब्लो लोकांची मातीची बहुमजली गावं. राष्ट्राचं (म्हणजे जमातीचं) नाव, भाषा आणि प्रदेश नेमका लिहा. शक्य असेल तर त्या समाजातल्या वाचकाला मानधन देऊन हस्तलिखित वाचायला द्या.

उपाय कंटाळवाणा आहे, पण कामाचा आहे. एक तक्ता करा: पान, वस्तू किंवा शब्द, गोष्टीतलं वर्ष, ठिकाण, पुरावा. पुराव्याचा रकाना रिकामा राहिला तर ते वाक्य बदला. जुन्या वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं ‘क्रॉनिक्लिंग अमेरिका’ फुकट उपलब्ध आहे. गावाचं नाव आणि वर्ष टाकून शोधा. भाव, जाहिराती, हवामान सगळं तिथे मिळतं.

कागदपत्रांत भारतीय लेखक चार ठिकाणी अडकतात. ०३/०४ ही तारीख अमेरिकेत चार मार्च होते, म्हणून महिना अक्षरी लिहा. अप्रकाशित हस्तलिखित मागितलं असेल तर ए-फोर नव्हे, साडेआठ बाय अकरा इंचांचा कागद, चारी बाजूंना एक इंच समास, दुप्पट ओळअंतर आणि अमेरिकी स्पेलिंग ठेवा. परीक्षण निनावी असेल तर नाव पानांवरून काढून भागत नाही, फाइलच्या गुणधर्मांतूनही पुसा. पुस्तकाचं पात्रता-वर्ष बहुधा पहिल्या प्रकाशनावरून मोजलं जातं. ई-आवृत्ती डिसेंबरात आणि छापील फेब्रुवारीत आली असेल, तर आधी आयोजकांना विचारून घ्या.

प्रती परीक्षकांना थेट पाठवायच्या असतील तर पत्ता नीट वाचा. पोस्ट बॉक्सवर खासगी कुरिअर पोचवत नाहीत, तिथे टपालखात्यानेच पाठवावं लागतं. पोचल्याची सही मागू नका. घरी कोणी नसलं की पार्सल परत फिरतं. ट्रॅकिंग नंबर मात्र घ्या. भारतातून पाठवताना कस्टमसाठी महिनाभर हाताशी ठेवा. त्याहून बरं म्हणजे अमेरिकेतल्या छापखान्यातूनच प्रती रवाना करा. प्रती गेल्यावर चूक सापडली तर परीक्षकांना पत्र लिहू नका. दुरुस्त प्रत चालेल का, हे फक्त स्पर्धेच्या समन्वयकांना विचारा.