‘ने’ हा फ्रेंच शब्द इंग्रजीत कसा वापरावा

इंग्रजी चरित्रलेखांत, मृत्युलेखांत आणि वंशावळींत स्त्रीच्या नावानंतर एन, ई, ई अशा तीन अक्षरांचा एक छोटा शब्द येतो. त्याचा उच्चार ‘नी’ असा नव्हे, तर ‘ने’ असा करावा. पहिल्या ‘ई’वर मुळात तिरकी रेघ असते, इंग्रजीत ती गाळली तरी चालते.

‘जन्मणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाचे हे स्त्रीलिंगी रूप असून त्याचा शब्दशः अर्थ ‘जन्मलेली’ असा आहे. आपण ‘पूर्वाश्रमीच्या अमुक’ असे लिहितो, त्याच जागी इंग्रजीत हा शब्द बसतो, आणि नेमकी इथेच गफलत होते. ‘पूर्वाश्रमीच्या’ म्हटले की आधीचे कोणतेही नाव चालून जाते. ‘ने’नंतर मात्र केवळ जन्माने मिळालेले आडनावच यायला हवे. जॅकलिन बूव्हिए यांनी १९५३ मध्ये जॉन केनेडी यांच्याशी आणि १९६८ मध्ये अ‍ॅरिस्टॉटल ओनासिस यांच्याशी विवाह केला. त्यामुळे ‘जॅकलिन ओनासिस, ने बूव्हिए’ हे बरोबर आणि ‘ने केनेडी’ हे चूक, कारण केनेडी हे आडनाव त्यांना पहिल्या विवाहाने मिळाले होते. ते सांगायचेच असेल, तर ‘पूर्वी केनेडी’ या अर्थाचा साधा इंग्रजी शब्द वापरावा.

काटेकोर लेखनात ‘ने’नंतर पाळण्यातले नाव पुन्हा लिहीत नाहीत. ‘मार्गारेट थॅचर, ने रॉबर्ट्स’ एवढे पुरते. नावाचा जेवढा भाग जन्मतः कुळाकडून आला, तेवढाच या शब्दाने सांगायचा असतो, हा त्यामागचा जुना विचार मला पटतो. शब्दाच्या आधी स्वल्पविराम द्यावा आणि वाक्य पुढे चालू राहणार असेल, तर आडनावानंतरही द्यावा. ‘जन्मलेली’ हा अर्थ शब्दातच असल्यामुळे त्याच्या जोडीला त्याच अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिणे ही द्विरुक्ती ठरते.

टोपणनावासाठी हा शब्द योजू नये. जॉर्ज एलियट हे मेरी अ‍ॅन इव्हान्स यांनी लेखनासाठी घेतलेले नाव होते, म्हणून तिथे ‘या टोपणनावाने लिहिणाऱ्या’ असेच म्हणणे प्रामाणिक ठरते.

पुरुषाने आडनाव बदलले असेल, तर शेवटचा ‘ई’ गाळून पुल्लिंगी रूप लिहावे. उच्चारात काहीच फरक पडत नाही, त्यामुळे ही चूक ऐकताना कळत नाही आणि छापल्यावरच डोळ्यांत खुपते.