अर्ध्या मिनिटाची तयारी: निवृत्त बेसबॉलपटूंच्या सह्या मागवताना

अमेरिकेतल्या निवृत्त बेसबॉलपटूची सही त्याच्या छापील फोटोच्या कार्डावर टपालाने मागवायची असेल तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. पाकीट उघडणारा माणूस बहुधा सत्तरी-ऐंशीचा असतो, त्याच्या टेबलावर तशीच आणखी पाकिटं पडलेली असतात आणि तुमच्या वाट्याला फार तर अर्धं मिनिट येतं. तेवढ्यात त्याने पाकीट फोडायचं, कार्ड काढायचं, सही करायची आणि परतीच्या पाकिटात सरकवून चिकटवायचं. तिकीट शोधणं, चिकटपट्टी सोडवणं, पत्ता लिहिणं यातलं काहीही त्याच्यावर टाकलंत की तुमचं कार्ड बाजूच्या ढिगात गेलंच म्हणून समजा.

सुरुवात नावांच्या यादीने करा. बेसबॉल-रेफरन्सच्या साइटवर खेळाडू हयात आहे ना, हे यादी करताना पाहाच, पण पाकीट टाकायच्या दिवशी पुन्हा पाहा. एकट्या २०२४ मध्ये जूनला विली मेज गेले, सप्टेंबरला पीट रोझ, डिसेंबरला रिकी हेंडरसन. अंत्यविधीच्या आठवड्यात सही मागणारं पत्र दारात पडावं यासारखा ओशाळवाणा प्रकार नाही. क्रम वयाने लावा, थोरले आधी. आणि सगळी मदार हॉल ऑफ फेमवाल्यांवर, म्हणजे बेसबॉलच्या सन्मान-दालनात निवडल्या गेलेल्या बड्या खेळाडूंवर, ठेवू नका. त्यांच्यातले बरेच जण मानधन घेतात किंवा टपाल उघडतच नाहीत. दहा-बारा हंगाम खेळलेला एखादा चांगला पिचर (चेंडू फेकणारा) किंवा एका वर्ल्ड सिरीजपुरता, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेपुरता, नायक झालेला फलंदाज जास्त खुशीने उत्तर देतो. कोण सही करतो, किती दिवसांत, पैसे मागतो का, याच्या नोंदी स्पोर्ट्सकलेक्टर्स डॉट नेटवर सभासद ठेवतात. त्यातल्या गेल्या सहा महिन्यांच्या तेवढ्या धरा. माणसं घरं बदलतात, आजारी पडतात. मानधन असेल तर सांगितलेल्या नावाने चेक जोडा, पाकिटात रोख टाकू नका. पत्ता हातात आहे म्हणून दारावर जाऊन उभं राहणं मात्र साफ वर्ज्य.

आता पाकीट. बाहेरचं नंबर दहाचं, म्हणजे साडेनऊ इंच लांब आणि चार इंचांहून किंचित रुंद. आत परतीचं नंबर नऊचं, जे घडी न घालता बसतं. दोन्ही नंबर दहाची घेतलीत तर आतल्याच्या तीन घड्या होतात, त्या जागी फुगवटा येतो आणि टपालखात्याचं यंत्र नेमकं तिथेच पकडतं. परतीच्या पाकिटावर तुमचा पत्ता छापून आणि तिकीट लावून तयार ठेवा. तिकीट अमेरिकी टपालखात्याचं 'फॉरएव्हर'च हवं. उत्तर दहा दिवसांतही येतं आणि वर्षानेही. मधे दर वाढले तरी हे तिकीट चालतं.

एका तिकिटात एक औंस जातो, म्हणजे २८ ग्रॅम. दोन पाकिटांचे साधारण १३, पत्राच्या कागदाचे साडेचार, दोन कार्डांचे साडेतीन, झाले २१. न्याहारीच्या सिरियलच्या खोक्याचा तीन बाय चार इंचांचा पुठ्ठा तीन ग्रॅम भरतो. एक तुकडा घातला तर निभावतं, दोन घातले की काटा कडेवर येतो. टॉपलोडरचा, म्हणजे कार्ड ठेवायच्या प्लास्टिकच्या कडक पाकिटाचा, मोह टाळा. पाकीट वाकेनासं झालं की यंत्रात जात नाही, जादा शुल्क बसतं, आणि वाताने आखडलेल्या बोटांनी त्यातून कार्ड ओढणं हे वेगळंच काम. कार्ड साध्या पातळ स्लीव्हमध्येही घालू नका, नुसतं पुठ्ठ्याला टेकवून पत्राच्या घडीत ठेवा. पेन पाठवायचं नाही; त्याच्याकडे असतं, आणि पेनाने फुगलेलं पाकीट यंत्रात फाटतं.

कार्डं दोनच पाठवा. चार-पाच पाठवणारा विकायला बसलाय, असा खेळाडूंचा समज असतो आणि तो बहुतेक वेळा खरा निघतो. १९८० च्या दशकापर्यंतची टॉप्स कंपनीची कार्डं साध्या पुठ्ठ्याची, त्यांच्यावर शाई सरळ बसते. नव्वदीपासूनची चकचकीत कार्डं मात्र तशीच पाठवली तर हमखास फसतात. वरच्या लेपामुळे शाई मुरत नाही, तिचे बारीक थेंब होतात आणि सही फोड आल्यासारखी दिसते. त्यासाठी कापसाच्या बोळ्यावर चिमूटभर बेबी पावडर घ्या, सही जिथे यायला हवी तिथे हलक्या हाताने गोल गोल अर्धा मिनिट फिरवा आणि चष्म्याच्या फडक्याने सगळी पावडर पुसून काढा. राहिली तर पेनाच्या टोकात भरते आणि रेघ तुटते. आधी त्याच संचातल्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या कार्डावर पावडर लावून स्वतः सही करून बघा. निवडतानाच फिकट आकाश किंवा पांढरा गणवेश जास्त असलेलं कार्ड घ्या, काळ्या पार्श्वभूमीवर निळी शाई बुडून जाते. दुर्मीळ मूळ कार्ड तर पाठवूच नका. टपालात हरवलं की दाद मागायला जागा नाही.

पत्र हाताने लिहा, एका पानाच्या आत, सहा-सात ओळी. "तुम्ही महान खेळाडू आहात" हे त्याने हजार वेळा वाचलंय. एखादा ठरावीक सामना, एखादा झेल, त्याच्या संघातल्या एखाद्या सोबत्याबद्दलचा प्रश्न लिहा. कधी कधी पत्राच्याच मागे उत्तर येतं. नावासकट सही मागितलीत तर होकाराची शक्यता वाढते, कारण नाव घातलेलं कार्ड बाजारात पडत्या भावाने विकावं लागतं आणि हे त्यालाही ठाऊक असतं. आपल्या नावांचं स्पेलिंग मात्र मोठ्या सुट्या अक्षरांत वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. मुलाचं नाव ज्ञानेश असेल तर डी-एन-वाय अशी सुरुवात पाहून मिनेसोटातला म्हातारा गोंधळणारच. "नुसतं 'डी' चालेल" असं लिहिलंत तर तो सुटेल.

वाचता येईल अशी सही हवी, ही अपेक्षा गैर नाही. मिनेसोटा ट्विन्स संघाचे जुने फलंदाज हार्मन किलब्रू तरुण खेळाडूंना बजावत असत की सही अशी करा की पोराला नाव कळलं पाहिजे, आणि त्याच संघातल्या टोरी हंटरसारख्यांनी ते मनावर घेतलं. आजकालच्या वेटोळ्यांशी तुलना केली की किलब्रूंचं कार्ड शाळेच्या वहीसारखं दिसतं.

चेंडू टपालाने पाठवू नका, हा आमचा ठाम सल्ला. पाच औंसांचा चेंडू वजनाला हलका, पण तिकिटं लावलेलं अर्ध्या इंचाहून जाड पार्सल अमेरिकेत रस्त्यावरच्या निळ्या पेटीत टाकता येत नाही. म्हणजे तुमच्या चेंडूसाठी त्या माणसाने कपडे बदलून पोस्टात जायचं. चेंडूवर सही समोरासमोरच घ्या. रॉलिंग्ज कंपनीचा अधिकृत मेजर लीग (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा) चेंडू, पिशवीतून काढून शिवणीला धरलेला, कारण बोटांचं तेल चामड्यावर काही वर्षांनी पिवळं उमटतं. शिवणीच्या दोन रांगा जिथे सर्वांत जवळ येतात ती मोकळी पट्टी वर करून हातात द्या. तिला स्वीट स्पॉट म्हणतात. पेन साधं निळं बॉलपेन. कागदावर दोन रेघा ओढून शाई वाहती करून ठेवा. शार्पी मार्कर कार्डावर आणि फोटोवर उत्तम, चामड्यावर मात्र ती वर्षागणिक पसरत जाते आणि अक्षरांना केस फुटतात.

समोरासमोर म्हणजे कुठे? फेब्रुवारी-मार्चमध्ये फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या स्प्रिंग ट्रेनिंगला जुने खेळाडू पाहुणे प्रशिक्षक म्हणून येतात. सकाळी सरावाच्या मैदानाकडे जाणारी वाट गाठा. जुलैअखेर न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनला हॉल ऑफ फेमचा समावेश-सोहळा असतो. अल्बनीहून गाडीने दीड तास, गाव दोन हजारांच्याही आतलं, त्यामुळे खोली कित्येक महिने आधी ठरवा. तिथल्या मेन स्ट्रीटवरच्या दुकानांत तिकीट काढून सह्या मिळतात. दर वस्तूप्रमाणे बदलतो: कार्ड-चेंडूला एक, बॅट-जर्सीला त्याहून जास्त, आणि "एचओएफ" (हॉल ऑफ फेम) असं काही लिहून हवं असेल तर वर वेगळे. पीट रोझ हॉलमध्ये नसूनही याच रस्त्यावर वर्षानुवर्षं सह्या करत बसायचे. हॉलच्या संग्रहालयाच्या दुकानातून खेळाडूच्या तिथल्या पाटीचं पिवळं पोस्टकार्ड आधी घेऊन ठेवा. स्वस्त, सपाट, आणि सही त्यावर झकास उठून दिसते.

विकत घेणार असाल तर जास्त सावध. एफबीआयच्या ऑपरेशन बुलपेनने नव्वदीच्या दशकात नकली सह्यांच्या टोळ्या उघड्या पाडल्या, आणि त्यानंतर २००१ मध्ये मेजर लीगने सही अस्सल असल्याची खूण म्हणून स्वतःची होलोग्रामची पद्धत आणली. तो होलोग्राम साक्षीदारासमोर झालेल्या सहीलाच मिळतो, टपालाने आलेल्या नाही. पीएसए, जेएसए, बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांचं प्रमाणपत्र बहुतेक वेळा नमुन्यांशी ताडून दिलेलं मत असतं. साधी गणितं स्वतःच करा. १९९९ पर्यंत अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगचे चेंडू वेगळे आणि त्यांवर लीगच्या अध्यक्षाची छापील सही. २००० पासून एकच चेंडू, त्यावर दोन्हींच्या प्रमुखाची, म्हणजे कमिशनरची; तेव्हा ते बड सेलिग होते. विख्यात फलंदाज मिकी मँटल १९९५ ला वारले. सेलिगच्या छापील सहीच्या चेंडूवर मँटलची सही कुणी दाखवली तर पुढे काही विचारू नका. दोन सह्या एकमेकींवर ठेवून तंतोतंत जुळल्या तर ते यंत्राचं काम. रेघ सावकाश ओढलेली, सुरुवात आणि शेवट बोथट, तर ते चित्र काढणाऱ्याचं.

पुण्या-मुंबईतून लिहिणाऱ्यांनी परतीचा पत्ता अमेरिकेतल्या एडिसन किंवा तशाच कुठल्या गावातल्या नातेवाइकाचा द्यावा. परतीच्या पाकिटाला अमेरिकेचंच तिकीट लागतं, भारताचं तिकडे चालत नाही. कार्ड कुणीतरी येताना हातसामानातून आणतं. इथे आल्यावर पीव्हीसी नसलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्हमध्ये, कपाटात, पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. भिंतीवर उन्हात टांगलेली निळी सही दोन-तीन वर्षांत फिकी पडते.

शेवटची तयारी पाकीट बंद करण्याआधीची. दोन्ही कार्डांचा फोटो काढा, वहीत तारीख आणि पत्ता टिपा, आणि परतीच्या पाकिटाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खेळाडूचं नाव पेन्सिलीने बारीक लिहा. कधी कधी कार्ड हरवतं आणि सात-आठ महिन्यांनी नुसती सही केलेली तुमची चिठ्ठी परत येते. तेव्हा ते वेटोळं कुणाचं, हे सांगायला तेवढं एकच नाव उरलेलं असतं.