उपासमार झालेला कुत्रा घरी आणलात? दूधभाताचं पातेलं आधी झाका

बरगड्या मोजता येतील असा कुत्रा फॉस्टरसाठी, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला, घरात आला की कुणी ना कुणी दूधभात कालवायला घेतंच. माया खरी, पण ती त्याच्या जिवावर बेतू शकते. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम भात, पोळी, बिस्किटं गेली की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम पेशींत ओढलं जातं. कुत्रा शेपूट हलवत खातो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचे पाय लटपटतात, धाप लागते. असं दिसलं तर सकाळची वाट न बघता व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे) न्या.

म्हणून सुरुवातीला खाणं मोजून द्या. वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग त्याला उचलून. फरक म्हणजे त्याचं वजन. त्याला ३० ने गुणून ७० मिळवा. ही दिवसाची मूळ कॅलरी. १० किलोच्या कुत्र्याला ३७०. पहिल्या दिवशी याच्या पाव, दुसऱ्या दिवशी निम्म्या, तिसऱ्या दिवशी पाऊण, चौथ्या दिवशी पूर्ण. १०० ग्रॅममध्ये ३७०च्या आसपास कॅलरी असलेलं पपी फूड घेतलं (आकडा पिशवीवर असतो), तर या १० किलोच्या कुत्र्याला २५, ५०, ७५ आणि १०० ग्रॅम. कोमट पाण्यात भिजवून दिवसातून सहा वेळा. पहिल्या दिवशी एका वेळेला जेमतेम चार ग्रॅम येतात. वाटी चाटूनपुसून तो तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. बसू द्या. पाणी मात्र कायम भरलेलं हवं. फार खंगलेला असेल तर हे वेळापत्रकही व्हेटला विचारूनच.

पहिल्याच दिवशी अंघोळ नको. अशक्त कुत्रा गारठतो आणि घाबरतो तो वेगळाच. गोचीड मात्र त्याच दिवशी बघा: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, नखाने चिरडू नका, रॉकेल नको, उदबत्तीचा चटका तर नकोच. मग ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या फिक्या, ताप १०३ फॅरनहाइटच्या वर किंवा नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर गोचीडतापाचा संशय घ्या आणि प्लेटलेट्ससह रक्ततपासणी करून घ्या. व्हेटने डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं तर ते खाण्यासोबत द्या, रिकाम्या पोटी उलटी होते. आणि चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागला म्हणून कोर्स सोडू नका. तो बहुधा चार आठवड्यांचा असतो. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं गोचिडाचं औषध तिला चुकूनही लावू नका. अशा काही औषधांतलं पर्मेथ्रिन मांजराला विषारी आहे.

लशींमध्ये रेबीजबरोबर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस आहे ना, ते नीट विचारा. आपल्याकडे पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतंच, आणि लेप्टो माणसांनाही होतो.

फॉस्टर कुत्रे हरवतात ते बहुतेक दारातून. फ्लॅटला सेफ्टी डोअर असतं, त्याचा फायदा घ्या: एक दार पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पार्सलवाल्यालाही हाच नियम. खाली नेताना हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही, प्रत्येकाला वेगळी दोरी. घाबरलेला कुत्रा मागे सरकून गळपट्ट्यातून सहज निसटतो. पट्ट्यावर फोन नंबर. वेळ पहाटेची, सोसायटीतले जुने कुत्रे सुस्त असतात तेव्हाची. ठाण्यात राहत असाल तर अंधारात येऊरकडे फिरवायला नेऊ नका, तिथे बिबटे आहेत.

घरात हॉल नव्हे, आतल्या खोलीचा कोपरा द्या. टाइल्सवर पाय घसरले की तो जागेवरच थिजतो, म्हणून वाटीपर्यंत रबरी मॅट टाका. समोरून वाकून डोक्यावर हात ठेवू नका. बाजूला जमिनीवर बसा, त्याला हुंगू द्या. गुरगुरला तर दटावू नका. गुरगुरणं बंद केलेला कुत्रा इशारा न देता चावतो. चावलाच तर नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

दहीहंडी-गणपतीतले डीजे आणि दिवाळीतले फटाके यांची तयारी महिनाभर आधी करा: बंद खिडक्या, पंख्याचा आवाज, आणि संध्याकाळचं फिरणं पाचच्या आत उरकलेलं.

तो तुमच्याकडेच राहायचा असेल तर महापालिकेचा परवाना काढा. सोसायटीने लिफ्टवरून वाद घातला तर प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक सेक्रेटरींना द्या. पाळीव प्राण्यांना बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, हे त्यात लिहिलं आहे. नसबंदी मात्र वजन भरून रक्ताचा रिपोर्ट नीट आल्यावरच.