व्हिडिओ तयार, पण पब्लिश होत नाही? मला लागू पडलेला उपाय

लक्षण असं: शूटिंग झालंय, एडिटिंगही झालंय, पण बटण दाबवत नाही. कोल्हापुरी पायताणावरचा माझा व्हिडिओ असाच रखडला होता. डोक्याचा पार भुगा झाला.

नवा माइक घेतला. मित्रांना विचारलं, मतं वाढली, व्हिडिओ तिथंच.

जमलं ते या क्रमानं. आधी वहीत दोन रकाने पाडले: नंतर बदलता येणारं आणि न येणारं. यूट्यूबवर शीर्षक, वर्णन, थंबनेल पब्लिश केल्यावरही बदलता येतं. त्याच लिंकवर दुसरी फाइल मात्र चढवता येत नाही. म्हणून डोकेफोड फक्त फाइलवर, तीही दोनच बाबतींत. एक, साध्या इअरफोनवर बोलणं कळतं का. चप्पल लाइनीतला (कोल्हापुरातला चपलांचा बाजार) रिक्षाचा हॉर्न मधेच येतो, तो तसाच ठेवला; तिथं हॉर्न नसता तरच नवल. दोन, माहिती खरी आहे का. पायताणाचं २०१९ चं जीआय (भौगोलिक) मानांकन एकट्या कोल्हापूरचं नाही. सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हेही त्यात आहेत. ते वाक्य तेवढं नीट तपासून घेतलं.

मग फाइल अपलोड केली, व्हिजिबिलिटीत 'शेड्यूल' निवडून दुसऱ्या दिवशी संध्याकाळची वेळ टाकली आणि ॲप बंद. खरी मेख इथं आहे. आता काही न करता व्हिडिओ जातो. थांबवायचा तर उठून कष्ट घ्यावे लागतात, आणि त्या बाबतीत आपण पक्के आळशी.

थंबनेल नंतर सावकाश बदललं.